रायी

पाषाणला, प्रयोगशाळेच्या तळघरात
पोलादाचं एक नळकांडं आहे, माझ्या गुडघ्याएवढं.
आत सोडावॉटर. मॅडम लांबलचक नाव सांगतात,
पण वायू दाबून भरलेलं पाणीच ते, गोटीसोड्यातलं.
आणि त्या सोड्यात वाघोलीचा काळा दगड,
मोहरीएवढा भरडलेला, दोनशे ग्रॅम.

रोज सकाळी नऊला मी काट्यावरचा दाब वहीत लिहिते.
काटा उतरतो,
पण एकटक बघणाऱ्याला दिसत नाही.
चार दिवस रजेवर जाऊन आलं की दिसतो.

दाब उतरला म्हणजे दगड वायू खातोय,
नगरकर मॅडम म्हणतात.
खातोय म्हणजे काय, मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.
त्यांनी फळ्यावर बाण काढले:
आंबट पाणी दगडातला चुना सोडवतं,
चुना वायूला धरतो,
दोघं मिळून पांढरे होतात, घट्ट बसतात.
किती दिवस?
दिवस नाही गं, त्या म्हणाल्या, लाखो वर्षं.
आणि सुटायचं झालं तर?
तर भट्टी.

अप्पा दगडाला रायी म्हणायचा.
आमच्या वडारांच्या बोलीत रायीच.
शाळेत मी तसं म्हटलं तेव्हा वर्ग हसला,
बाईंनी समजावलं, राई म्हणजे मोहरी, फोडणीतली.
घरी येऊन सांगितलं. अप्पा सुतकीचा दांडा तासत होता.
म्हणाला, बरोबर आहे तुझ्या बाईंचं.
क्रशरच्या त्या टोकाला जाऊन बघ,
रायीची राईच होऊन पडते.

कधी सुरुंगानंतर कातळाच्या पोटात पोकळी उघडायची,
आत पांढरी स्फटिकं, क्वचित त्यांवर निळा कण.
मुकादम ती कापसात गुंडाळून न्यायचा.
बाहेरदेशी जातात म्हणे, काचेच्या कपाटात.
एक तुकडा अप्पानं डब्यातून घरी आणला होता,
भाकरीखाली.
मॅडमना दाखवला तर त्या खुर्चीतून उठल्याच.
म्हणाल्या, हा लाव्ह्यातला बुडबुडा.
तो गेला, त्याची जागा राहिली,
आणि पाण्यानं ती थेंबाथेंबानं भरली.
म्हणजे दगडाला हे आधीपासून येतं, मी म्हटलं.
येतं, त्या म्हणाल्या. घाई येत नाही.

ससूनमध्ये डॉक्टरांनी अप्पाचा फोटो उजेडावर धरला होता.
काळ्यात पांढरे ठिपके, दोन्ही बाजूंना.
मी तेव्हा बारावीत. मला वाटलं,
हे मी कुठंतरी बघितलंय.
बसमध्ये आठवलं.
अप्पा खिडकीशी बसला होता, तोंड उघडं ठेवून,
प्रत्येक थांब्याला थोडी थोडी हवा घेत.
त्याला मी काहीच सांगितलं नाही.

नव्वदाव्या दिवशी झाकण उघडलं.
काळ्या भुकटीवर पांढुरकी साय,
नखानं खरवडली तरी न निघणारी.
वाळवली, तोलली, पुन्हा तोलली.
सहा ग्रॅम वायू.
मॅडमनी टाळी वाजवली, सगळ्या मजल्यावर पेढे वाटले.
मी मनात हिशेब केला:
सहा ग्रॅम, म्हणजे विद्यापीठ चौकाचा सिग्नल
माझ्या स्कूटरनं ओलांडेपर्यंत.
पुढं वाघोलीपर्यंतचं काय?
आणि दगड भरडणाऱ्या क्रशरचं डिझेल?
हेही मी विचारलं. मॅडमनी पेढा खाली ठेवला.
म्हणाल्या, ते वहीत लिही. वेगळ्या रकान्यात.
म्हणून वहीत आता एक रकाना जास्त आहे.

पण सह्याद्रीभर हाच दगड, त्या म्हणत होत्या,
मैलोन् मैल, न भरडलेला, जमिनीखाली,
पाणी आतच सोडायचं, कुणी फोडायला नको.
कुणी फोडायला नको.
हे वाक्य मी जिन्यावर पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

आज नवा नमुना भरला.
चिठ्ठीवर नाव लिहायचं असतं. मी लिहिलं: रायी.
मॅडमनी चष्मा वर केला. राई?
मोहरीएवढी म्हणून?
हो, मी म्हटलं,
आणि बोल्ट आवळायला घेतले, आठच्या आठ,
समोरासमोरचे आधी.